तोंड भिंतीकडे

आमच्या प्रयोगशाळेत नमुना निवडण्याची रीत मीच घालून दिली होती. जप्त गोळ्या थाळीत ओतायच्या, तोंड भिंतीकडे फिरवायचे आणि हाताला लागतील त्या सहा उचलायच्या. डोळ्यांना दया येते. बोटांना येत नाही.

त्या सकाळी, माझ्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुनेला घरी तिच्या आईचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच चहा घेत होते. सुनेचा धाकटा भाऊ पकडला गेला होता. जवळ चाळीस गुलाबी गोळ्या, वर मुकुटाचा छाप. एक्स्टसी ही नशेची गोळी म्हणून विकत होता. विहीणबाईंच्या मते निव्वळ खडू. खडू ठरला तर तो फसवणुकीवर सुटणार, अमली पदार्थ निघाला तर दहा वर्षे आत.

दहा वाजता हवालदाराने सीलबंद पारदर्शक पाकीट आणले. पाकिटावर नाव नसते, फक्त क्रमांक. पण आतला मुकुट मी ओळखला आणि पाकीट मुद्दाम सुनेच्याच टेबलावर ठेवले. जवळच्या माणसाचे प्रकरण असेल तर प्रमुखाला सांगून बाजूला व्हावे, असा नियम. प्रमुख मीच. दुपारपर्यंत वाट पाहिली. ती बोलली नाही.

उलट थाळीकडे टक लावून तिने सहा गोळ्या वेचल्या, तांदळातले खडे वेचावेत तशा. सहाही खडबडीत कडेच्या. गुळगुळीत कडेच्या, म्हणजे खऱ्या वाटणाऱ्या, तेवढ्या तिने शिताफीने टाळल्या, हे मला दारातूनही दिसले. अमली पदार्थावर रंग बदलणाऱ्या द्रावणाचे थेंब सोडले. एकीवरही रंग चढला नाही.

"मॅडम, नकली माल आहे. कॅफीन आणि खडू असावा."

"त्या सहा बाजूला ठेव. नव्या सहा काढ."

"पण काढल्या ना मी, आई."

"आई घरी. इथे मॅडम. तोंड भिंतीकडे."

तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"मला कान आहेत. तोंड तुला होतं, ते तू उघडलं नाहीस."

"त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे हो."

"मग हात नीट चालव."

ती भिंतीकडे वळली. पाचव्या गोळीवरचा थेंब पाहता पाहता केशरी झाला. यंत्रानेही तेच सांगितले: एक्स्टसी नव्हे, पण मेथ, तोही अमली पदार्थच. अहवाल मी तिच्याच हातून लिहवून घेतला. अक्षर सुरेख आले. माझ्या हाताखालची माणसे रडतानाही ओळ वाकडी जाऊ देत नाहीत.

भावाला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगा म्हणाला, "आई, त्यापेक्षा तिला नोकरीवरून काढायचंस."

"कशाला? आता तिच्याइतका भरवशाचा हात माझ्याकडे दुसरा नाही."

ताट मला अजूनही तीच वाढते. वाढताना तोंड भिंतीकडे असते. आमटी ताटाबाहेर सांडते. जेवण झाले की सांडलेले तिच्याकडूनच पुसून घेते.