हंडीचे मीठ

मित्रांनो, माझ्यावर कुणी बसले तर मला राग येत नाही. त्यासाठीच मला बनवले आहे. मी फ्रान्समधल्या एका शेतकरी घरातली जुनी मिठाची पेटी आहे. वरून खुर्ची, आतून पेटी. बसायची फळी उचलली की खाली मीठ. माझ्या अंगात एकही लोखंडी खिळा नाही, कारण मीठ लोखंडाला खाऊन टाकते. घरधनी मेदार उसो याच्या आजोबांनी ओकच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या, चामड्याची बिजागरी लावली आणि मला चुलीशेजारी ठेवले. उबेने मीठ कोरडे राही आणि घरातले सर्वांत वडील माणूस माझ्यावर बसून शेकत असे. मेदारच्या काळात तो मान त्याच्या आईचा, मातुरीनचा होता.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. इतकी वर्षे झाली तरी तो गेलेला नाही.

आमचे गाव मेन प्रांताच्या शिवेवर. ओढा ओलांडला की ब्रिटनी प्रांत. तिकडे मिठावर कर नव्हता. जे मीठ पलीकडे मातीमोल, तेच अलीकडे वीस-पंचवीस पट महाग. समुद्र एकच, राजाही एकच! बरे, महाग आहे म्हणून घेऊ नये, तर तीही सोय नव्हती. आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरलेले मीठ सरकारी कोठारातून उचललेच पाहिजे. ते फक्त हंडीत आणि ताटात वापरायचे. डुक्कर खारवायचे असेल तर वेगळे मीठ, वेगळी पावती. गढीतल्या उमरावांना मात्र मीठ जवळजवळ फुकट, आणि त्यांचा कारभारी ब्रिसार, त्यालाही फुकट.

हे कशासाठी? राजाची तिजोरी खंगली होती म्हणून. समुद्रापार लढाया केल्या, राजवाडे सजवले, कर्जे काढली, मग कर्जाचे व्याज भरायला आणखी कर्जे काढली. उमराव कर देईनात, मठ देईनात. उरली आमची हंडी. ज्यांच्या अंगात रक्त नाही त्यांच्याच अंगाला जळवा लावायच्या, असा तो न्याय होता.

त्या वर्षी मेदारने एक डुक्कर पाळले. खारवायचे मीठ परवडणारे नव्हते. म्हणून त्याची बायको पेरीन हिने ईस्टरपासून सुपात मीठ घालणे बंद केले आणि घराच्या वाट्याचे मीठ माझ्यात साठवले. मातुरीनची कुरकुर रोजची होती.

“सूनबाई, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?”

“डुकराला विचारा, सासूबाई. तुमचं मीठ त्याच्यासाठी ठेवलंय.”

“जिवंतपणी माझ्याहून जास्त खातंय मेलं, आणि मेल्यावर मीठही माझंच खाणार!”

हसत-कुरकुरत त्यांनी सात महिने अळणी खाल्ले. नोव्हेंबरात डुक्कर कापले, माझ्यातले मीठ त्याला चोळून चोळून लावले आणि मांसाचे पिंप माळ्यावर चढवले. दाम मोजून आणलेले मीठ आपलेच असते, असे त्या भाबड्या माणसांना वाटले. चूक झाली ती एवढीच.

तीन आठवड्यांनी मिठाचे शिपाई झडतीला आले.

“ऊठ, म्हातारे.”

“माझे गुडघे सरकारी आहेत का? उठतील तेव्हा उठतील.”

त्यांनी तिला बाजूला केले आणि माझी फळी उचलली. तळाशी जेमतेम दोन मुठी मीठ होते. जन्मात कधी वाटली नाही इतकी लाज मला त्या दिवशी माझ्या रिकामेपणाची वाटली.

“वर्षाचं मीठ नेलंत. गेलं कुठं?”

“खाल्लं,” पेरीन म्हणाली.

शिपायाने चुलीवरच्या हंडीत पळी बुडवली, सूप चाखले आणि तो थुंकला. “खाल्लं म्हणे! या सुपात मिठाचा कण नाही.”

मग ते माळ्यावर चढले. मेदार पावती घेऊन मागे धावला. “साहेब, शिक्का बघा ना. कोठारातलंच आहे. ओढ्यापलीकडचं चोरटं नाही. चिमूट चिमूट वाचवलंय.”

“चोरटं आहे असं म्हटलंय कुणी? पण हंडीचं मीठ हंडीत घालायचं. तू डुकराला लावलंस.”

“मग आम्ही सात महिने अळणी खाल्लं, त्याचं काय?”

“तुला कुणी नको म्हटलं होतं मीठ खायला?”

मित्रांनो, चोरी केली असती तर मी आज गप्प बसले असते. त्यांनी चोरी केली नव्हती, काटकसर केली होती. त्यासाठी पिंप जप्त झाले आणि तीनशे लिव्र दंड बसला. माझ्यासकट सगळे घर विकले असते तरी तेवढे आले नसते. मेदारला शहरातल्या तुरुंगात टाकले. त्याच हिवाळ्यात झाडांची खोडे थंडीने तडकली.

कारभारी ब्रिसार पेरीनला म्हणाला, “मी वर शब्द टाकतो. सुटेल तुझा नवरा.” त्याचा शब्द फुकटचा नव्हता. दर शनिवारी पेरीन जवसाच्या सुताचा एक गठ्ठा कातून त्याच्या दारी पोचवी. तो गठ्ठा हातात तोलून घेई आणि निरोप देई, “बरा आहे. आईची आठवण काढतो.” तो निरोप मातुरीन माझ्यावर बसून चार-चारदा ऐके. एकदा पेरीन दिवसभर चालून तुरुंगाशी गेली, पण कारभाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय दारवान आत सोडेना. कारभारी भडकला. “पुन्हा गेलीस तर केलं-सवरलं पाण्यात जाईल!” ती पुन्हा गेली नाही.

१७८९ सालच्या मार्चमध्ये नवल घडले. राजाने प्रजेला विचारले, तुमची गाऱ्हाणी काय आहेत, ती लिहून पाठवा. इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते. तिजोरीत खडखडाट झाला, कर्ज द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याला आमची आठवण झाली. चर्चमध्ये सभा भरली. बाके मोठ्या लोकांची, म्हणून पेरीन आणि शेजारीण मला उचलून घेऊन गेल्या आणि मातुरीन ऐटीत माझ्यावर बसली. लिहायला कोण? तोच ब्रिसार.

“बायका कशाला आल्या इथं?” तो म्हणाला.

“कर गोळा करताना चूल बाईची की बाप्याची, हे कधी विचारलंत?” मातुरीनने तिथल्या तिथे ऐकवले.

कुणी म्हणाले, गढीची कबुतरे आमचे बी खातात, ते लिहा. कुणी म्हणाले, रस्ते बांधायला आम्हीच का राबायचे, ते लिहा. मग पेरीन उभी राहिली.

“लिहा. माझ्या नवऱ्यानं विकत घेतलेलं मीठ वाचवलं, म्हणून तो तुरुंगात आहे. त्याचं नाव मेदार उसो. ते पण लिहा.”

“राजाला डुकराच्या गोष्टी सांगू?” ब्रिसार हसला.

“राजाला मिठाचे पैसे चालतात, मिठाची गोष्ट चालत नाही होय?” मातुरीन म्हणाली. सगळे चर्च हसले.

ब्रिसारचे हसू मावळले. तो पेरीनकडे वाकला आणि हळूच म्हणाला, “नवरा सुटायला हवाय ना? मग तोंड आवर.”

पेरीन खाली बसली. लोक “लिहा, लिहा” ओरडत राहिले, तेव्हा त्याने ‘मिठावरचा कर कमी व्हावा’ एवढे लिहिले. मेदारचे नाव त्यात आले नाही.

जुलैत पॅरिसहून बातमी आली की लोकांनी राजाचा तुरुंग फोडला. भाकरीचा भाव गगनाला भिडला होता, लोकांच्या पोटात आग होती. आमचे गाव उठले आणि गढीवर गेले. ब्रिसार आदल्याच दिवशी ओढा ओलांडून पळाला होता. लोकांनी त्याच्या कचेरीतले दस्तऐवज अंगणात ओढून पेटवले. पेरीनने दंडाचा कागद शोधायला सांगितला, म्हणून वाचता येणारा चांभार एकेक कागद वाचून आगीत टाकत होता. एक कागद त्याने टाकला नाही. तो त्याने पेरीनच्या हातात दिला.

ती घरी आली आणि दारातच उभी राहिली.

“अकरा फेब्रुवारी,” ती म्हणाली.

“काय अकरा फेब्रुवारी?” मातुरीनने विचारले.

“मेदार गेला. तापानं. तुरुंगाचं पत्र तेव्हाच कारभाऱ्याला आलं होतं.”

म्हातारीने बोटे मोजली. “आणि ईस्टरचा निरोप? आणि परवाचा?”

“खोटे. सगळे खोटे. सूत मिळावं म्हणून.” पेरीनने कपाळावर मूठ मारून घेतली. “चर्चमध्ये मी गप्प बसले, सासूबाई! तो आधीच मेलेला होता आणि मी त्याच्यासाठी गप्प बसले!”

चौथ्या दिवशी लोकांनी शहरातले मिठाचे कोठार फोडले. दारावर पहिली कुऱ्हाड पेरीनची पडली. तिने खांद्यावर गोणी वाहून आणली आणि मला काठोकाठ भरले. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी भरले होते. तिने कोबीचे सूप केले, मूठभर मीठ टाकले आणि वाडगा सासूच्या हाती दिला. मातुरीनने एक घोट घेतला. वाडगा खाली ठेवला.

“अळणीच बरं होतं गं,” ती म्हणाली. “तेव्हा तो येणार होता.”

पुढच्या वर्षी मीठकर गेला. पुढे राजाचेही काय झाले ते तुम्ही पुस्तकात वाचता. आज मी एका संग्रहालयात दोरीच्या आड उभी आहे. माणसे समोरून जाताना त्या राजाराणीसाठी हळहळतात. हळहळोत बापडी! माझ्या बिजागरीला तेल लावा, माझी धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मित्रांनो, तुमच्या गावात कुणी अळणी जेवत असेल तर का, हे त्याला आजच जाऊन विचारा. तिजोरी रिकामी होईपर्यंत थांबू नका. आणि त्याचे उत्तर लिहून घ्यायला कारभाऱ्याच्या हाती लेखणी देऊ नका.