हात पाठीमागे

यानिना शहराच्या विद्यापीठातल्या लिनक्स क्लबचा नियम एकच, पण जीवघेणा. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या लॅपटॉपला बोट लावायचं नाही. दोन्ही हात पाठीमागे ठेवायचे आणि नुसत्या तोंडाने शिकवायचं. आता आम्हा ग्रीकांचे हातच बांधून ठेवले, तर आम्ही बोलायचं कशाने, सांगा!

या नियमापायी स्टामातियाने दोनदा माती खाल्ली होती. पोरगी हुशार, पण धीर म्हणून नाही. "द्या इकडे!" म्हणत दोन्ही वेळा तिने समोरच्याचा माउस हिसकावला, आणि दोन्ही वेळा क्लबच्या प्रमुखाने, प्रोद्रोमोसने, तिला कॉफी करायला पिटाळलं. आजची तिसरी खेप शेवटची. ही हुकली की वर्षभर शिकवायचं नाव काढायचं नाही. आणि तिला तर शिकवायचंच होतं, अगदी मनापासून.

एवढ्यात दार उघडून एक बाई आत आल्या. काखेत लॅपटॉप, गळ्यात शिवणाची टेप.

"हा फार रेंगाळतो हो. तुम्ही फुकटात दुरुस्त करता म्हणे?"

"शिकवतो, काकू. करायचं तुम्हीच," प्रोद्रोमोस म्हणाला. "स्टामातिया, या तुझ्या."

"अरे, ही माझी आई आहे!"

"मग तर उत्तमच!" मेला गालातल्या गालात हसत शेजारच्या टेबलावर चढून बसला.

लॅपटॉप पळावा म्हणून त्यातलं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स बसवायचं ठरलं. आईचं, म्हणजे एवांथियाबाईंचं, पडदे शिवायचं दुकान. सुई कशी सरसर चालायची, पण माउस हातात आला की बाई गोगलगाय. एकेक शब्द ओठ हलवत वाचायच्या, मग चष्मा पुसायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून. स्टामातियाने पाठीमागे बोटांत बोटं अडकवून घट्ट दाबली.

"आधीचं सगळं पुसून टाकू का, विचारतोय. हो म्हणते."

सगळ्यात आधी विचारायची गोष्ट स्टामातिया घाईत विसरली होती. हात सुटलेच होते, तिने ते कसेबसे मागे ओढले.

"आई, थांब! गिऱ्हाइकांची मापं दुसरीकडे कुठे ठेवलीयस?"

"दुसरीकडे कशाला? सगळी यातच."

"मग हो म्हणालीस की ती गेली."

"अगं बाई! अख्ख्या हॉटेलच्या खिडक्या आहेत त्यात! आत्ता सांगतेस, कार्टे?"

"आत्ता आठवलं. मागे जा, आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ."

ते उतरवणं म्हणजे दिव्य होतं. बाईंनी फोल्डर उचललं, वाटेत सोडलं, भलत्याच जागी टाकलं. स्टामातिया घाम पुसायलाही हात पुढे न आणता सांगत राहिली, "पुन्हा उचल. हं. अजून डावीकडे." तिने दम धरला, पण प्रोद्रोमोसला राहवेना. तो टेबलावरून उडी मारून आला.

"अहो काकू, असं नाही, द्या इकडे—"

फाटकन त्याच्या हातावर चापट बसली.

"हात मागे, बाळा! ती सांगतेय ना मला?"

अख्खी खोली खो खो हसली. प्रोद्रोमोस कानापर्यंत लाल झाला आणि कोणी न सांगता कॉफी करायला गेला.

फोल्डर जागेवर पडलं. मापं उतरली.

"झालं? मी केलं?"

"तूच केलंस, आई."

"मग मी पुढच्या शनिवारीही येते. फोनचंही बरंच विचारायचंय."

"त्याला इथे कशाला? घरी सांगेन की."

आईने मान मागे टाकून 'च्' केलं, म्हणजे आमच्याकडचं 'नाही'. "घरी तू सांगत नाहीस. हातातून काढून घेतेस, करून टाकतेस, परत देतेस. मी आपली बघत बसते. म्हणून तर इथे आले."

स्टामातिया आईच्या जवळ सरकली. "चुकलं गं माझं."

"ते नंतर," आई स्क्रीनकडे वळली. "आता हा काय विचारतोय ते सांग. आणि सावकाश."