एका बाटलीपुरती

मी एक जुनी, काळी भुकटी आहे. दिघाशी गावाजवळच्या एका डाइंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, कचेरीत, कपाटावरच्या बरणीत पडून असते. लोखंडापासून झाले, कण इतके बारीक, की एकेकटा डोळ्यांना दिसायचाच नाही.

मित्रांनो, मृणालीनं मला २००७ साली कॉलेजच्या प्रयोगशाळेत घडवलं. तिचे काका केसरीनाथ यांच्या डाइंगमध्ये नारपोलीच्या लूमसाठी सूत रंगायचं. रंगाचं पाणी ओढ्याला जायचं आणि काठच्या विहिरीत झिरपायचं. विहीर मृणालीच्या आईची, सगळे तिला आक्का म्हणत. पाण्याला लाल झाक आली तशी आक्का लांबच्या नळावरून हंडे वाहू लागली. आईला तिची विहीर परत मिळावी, म्हणून लेकीनं मला केलं.

पहिल्या दिवशी मला लाल पाण्याच्या पिंपात ढवळलं. रंग मला चिकटला. मृणालीनं जुन्या कर्ण्यातलं चुंबक पिंपाला लावलं, तशी मी रंगासकट बाजूला झाले आणि पाणी नितळ! मग स्पिरिटनं धुऊन वाळवलं, की मी पुन्हा तयार. रोज असंच करू, असा काकांनी शब्द दिला. दसऱ्याला यंत्रांबरोबर माझ्या बरणीलाही हळदकुंकू वाहिलं. मी फुगले, खोटं कशाला सांगू?

महिनाभर काम झालं. मग धुण्या-वाळवण्याचा कंटाळा आला. सांडपाणी तपासायला येणारे सरकारी लोक पाण्याची एकच बाटली नेतात, हेही काकांनी हेरलं. तेव्हापासून मला फक्त तपासणीच्या दिवशी काढत. एक पिंप स्वच्छ, बाटली त्यातली. बाकी सारं पाणी मागच्या पाइपातून ओढ्यात. तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

पुढच्या पावसाळ्यात पाणी ठीक असल्याचा कागद आला. काका तो घेऊन आक्काकडे गेले.

"वैनी, पोरीच्या पावडरनं पानी साफ झाला. भर बिनधास्त."

पावसानं विहीर तुडुंब होती, रंग ओळखू येत नव्हता. आक्कानं पोहरा सोडला. दिवाळीपर्यंत तिच्या हातांवर चट्टे उठले, पोटात अन्न ठरेना. मृणालीनं विहिरीचं पाणी तपासलं, रंग सापडताच आईला घेऊन तडक कचेरी गाठली. बरणी उघडली, तर मी ढेकळं होऊन बसलेली.

"काका, ही शेवटची कधी धुतली?"

"अगो, बाटली पास झाली ना? मंग रोज धुवाला कोन बसल?"

आक्का दाराशीच उभी होती.

"भावजी, तुमी सांगितला म्हनून मी प्यायले," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "आनि तुझी वस्तू हाय म्हनून इचारला पन न्हाय."

मृणाली रडली. मला रडता येत नाही. ज्यांनी मला पुजलं, त्यांनीच मला खोटी साक्ष द्यायला लावली, हे दुःख मी कुणाला सांगू?

मित्रांनो, मी अजून बिघडलेली नाही. मला कुटा, धुवा, कामाला लावा. पण नुसती दाखवायला ठेवू नका. आपल्या शब्दावर कुणीतरी घोट घेत असतं, एवढं लक्षात असू द्या.