मेंदीची खरड छाटणी

वरवंटा खाली आला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आधी आला, ह्यांची किंकाळी नंतर. उजवा हात पाट्यावर तसाच राहिला. मधली दोन बोटं नको त्या बाजूला वळली होती. आतून अल्फिया धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अम्मी! काय केलंस गं ह्ये!"

वरवंटा माझ्या हातातच होता. खोटं कशाला सांगू, आणखी एक घाव घालायला माझा हात वर गेला होता. पोरीनं पुढं धावून पाठीमागून मनगट धरलं म्हणून तो तिथंच थांबला.

अल्फियाचे अब्बा, रहिमान मुलाणी, द्राक्षाच्या छाटणीचे मुकादम. सव्वीस वर्षं हातात कात्री. कवठे महांकाळपासून जतच्या शिवेपर्यंत त्यांच्या टोळीला बोलावणं असायचं. उभ्या वेलीकडे बघून कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कुठल्या अंकुरावर, कापायचं ते सांगणारा माणूस. त्याच हातावर मी वरवंटा घातला.

त्या दुपारी मी औंधहून एसटीनं परत आले होते. अल्फियाच्या निकाहला बावीस दिवस होते आणि मामूंना आवतण द्यायला मी दोन दिवस तिकडं गेले होते. पिशवी घेऊन परड्यात शिरले आणि समोर माझी मेंदी नव्हती.

एकोणीस वर्षांचं झाड. ह्यांच्या डोक्याच्याही वर गेलेलं, बाजेएवढं पसरलेलं. टँकरच्या वर्षात प्यायला पाणी नव्हतं तेव्हा नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी मी घमेल्यात धरायची आणि त्याच्या बुडाशी ओतायची. गल्लीतल्या कितीतरी पोरी, शेजारच्या हरणाबाईच्या दोन्ही लेकी धरून, माझ्या पाट्यावरची मेंदी हाताला लावून नांदायला गेल्या. आता सगळ्या दुकानातले कोन आणतात. आणू देत. माझी पोरगी ह्याच झाडाची मेंदी लावून जाणार, असं मी अख्ख्या गल्लीत बजावून सांगितलं होतं.

तिथं आता गुडघाभर उंचीचे तीन खुंट होते. वरपासून खालपर्यंत सोललेले, पांढरेफटक. खाटकानं टांगलेल्या बकऱ्यासारखे. छाटलेल्या टोकांवर वेलींच्या कापाला लावतात ती लाल पेस्ट फासलेली. भिंतीकडेला फांद्यांचा ढीग पडला होता आणि एप्रिलच्या उन्हात पाला करपून गेला होता. हे पाट्याजवळ उकिडवे बसून ब्रश धूत होते. मला बघून हसले.

"आलीस? बघ, कशी खरड छाटणी केली! एकेका डोळ्यावर आनली. साल काढली, पेस्ट मारली. सोळाव्या दिशी अशी फुटंल का न्हाई, पोरीच्या निकाहाला कवळा पाला तोड किती तोडायचा त्यो!"

"आवं, ही द्राक्ष हाय का?"

"आगं, झाड त्ये झाड. लय माजलं हुतं. आत ऊनच जात नव्हतं. येल न्हाई का आपन दर सालाला खरडून काढत, मग कशी फुटती?"

वेलीची साल म्हणजे जुनं वाळकं सालपट. ते ओरबाडलं की आतली कीड निघते, वेल मोकळी होते. मेंदीची साल म्हणजे तिचं कातडं. हे मला कळतं, मी चौथीतून शाळा सोडलेली बाई, आणि ह्या मुकादमाला कळू नये? खुंटावरून मी बोट फिरवलं. ओलसर लागलं. माझं डोकं फिरलं.

हे पाट्यावर हात टेकून उठत होते. "रागावलीस व्हय?" एवढंच म्हणाले.

पुढचं सांगितलंच आहे.

मी रागीट आहे. माझा बाप रागीट होता. पट्ट्यानं मारायचा, दिसेल त्यानं मारायचा. मी लग्न करून आले तेव्हा मनाशी धरलं होतं की कुणाचा हात उठायच्या आत आपला उठला पाहिजे. ह्यांचा कधी उठलाच नाही. चोवीस वर्षांत एकदाही नाही. माझा मात्र उठत राहिला. एकदा तवा फेकला, तो खांद्याला लागला. एकदा उलथनं मारलं, त्याचा डाग अजून दंडावर आहे. लोकांनी विचारलं की हे म्हणायचे, "तार लागली मांडवाची." द्राक्षबागेत तारा असतात, लोकांना पटायचं. आणि मला, कळलं का, मला त्याचाही राग यायचा. असला कसला हा माणूस, एकदा ओरडत पण नाही!

हरणाबाईच्या जावयानं गाडी काढली. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "कशानं झालं?"

"मोटरसायकलीवरनं पडलो," हे म्हणाले.

"अशी बोटं चेचतात पडून?"

"दगुड हुता खाली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोन बोटांत तारा घातल्या, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. कात्री धरता येईल का असं ह्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळेस डॉक्टर म्हणाले, "जेवता येईल, सही करता येईल. कात्रीचं विसरा."

 घरी आल्यावर मी म्हटलं, "खरं का न्हाई सांगितलंत?"

"काय सांगू? बायकूनं मारलं म्हनू? लोकं तुला काय म्हनतील, शमशाद?"

मला. लोक मला काय म्हणतील. मी चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

दगडावर पडले म्हटल्यावर लोकांनी आपापलं जोडलं. भरदुपारी घराजवळ गाडीवरून कोण पडतं? जो पितो तो. आठ दिवसांत बातमी गावभर झाली. नानासो बागायतदाराकडे दरसाल ह्यांचीच टोळी जायची. त्यांनी दुसरा मुकादम लावला आणि निरोप दिला, "रहिमानभाईंना म्हनावं, आदी सुटू दे ती." ज्या माणसानं आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, त्याला हा निरोप! ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि परड्यात गेले. रोज सकाळी डाव्या हातानं तांब्या धरून त्या तीन खुंटांना पाणी घालायचे. सोळावा दिवस आला. मी नखानं खुंट खरवडला. आत खडखडीत वाळलं होतं. नखाचा ओरखडा त्यांना दिसला असणार, दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी घातलं नाही.

दारूची बातमी जतला, नवऱ्यामुलाच्या घरी, पोचायची राहते थोडीच. निकाहच्या आदल्या संध्याकाळी दुकानातल्या कोनानं हात रंगवून बसलेली अल्फिया माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अम्मी, उद्या तू कायबी बोलू नको. दारू पितंय म्हनली तर म्हनू दे. सासरा दारुडा चालतोय लोकांस्नी. पन आई नवऱ्याला मारती असं कळलं, तर मला कोन घरात घील? म्हनतील, हीबी तसलीच आसनार."

"आणि अब्बांचं नाव?"

"त्यांनीच सांगितलंय, गप बसा म्हनून."

मी गप बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

मांडवात पडद्याच्या अलीकडे आम्ही बायका, पलीकडे पुरुष. काझीसाहेब वही उघडून बसले होते. नवऱ्यामुलाचे, तारिकचे, चुलते वाजिदभाई मोठ्या आवाजाचे गृहस्थ. ते ह्यांच्या प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाले, "समधी, गाडी सांभाळून चालवत जावा. ह्या गाडीचं पेट्रोल लय वाईट बगा!"

पुरुष खदखदून हसले. पडद्याच्या फटीतून मला हे दिसत होते. हेसुद्धा हसले. सगळे हसतात म्हणून माणूस हसतो तसे, ओशाळे, वाजिदभाईंच्या तोंडाकडे बघत. माझ्या अंगाची आग आग झाली. अल्फियानं माझा पदर गच्च धरला. मी तो सोडवून घेतला आणि पडदा बाजूला केला.

"वाजिदभाई, ह्यांनी दारूचा वासबी घेतलेला न्हाई कवा. हात मी मोडलाय. वरवंट्यानं. चोवीस वर्सं मीच मारतीया आणि त्ये झाकत्यात. हसायचं तर मला हसा."

 मागून कुणीतरी पोरसवदा आवाजात म्हणालं, "बायकूनं?" आणि खुसखुस झाली. ह्यांचं तोंड पडलं. दारूच्या थट्टेला हसलेला माणूस ह्या खुसखुशीनं पार मोडला. मला वाटलं होतं मी त्यांचं नाव धुऊन काढतेय. मी त्यांची उरलीसुरली लाज चारचौघांत काढली होती.

"शमशाद, आत जा," ते हळूच म्हणाले.

वाजिदभाई तारिककडे बघत होते. पोरगा खाली मान घालून बसला होता.  मग तो म्हणाला, "काझीसाहेब, वाचा." बस्, एवढंच. अल्फियानं कबूल म्हटलं. ह्यांनी वहीत डाव्या हाताचा अंगठा उठवला. पोरगी माझ्याशी बोलली नाही, पण माझ्यापासून सरकलीही नाही.

जेवणाला पुरुषांची पंगत बसली. मोठ्या थाळ्यात बिर्याणी, एकेका थाळ्याभोवती चौघं. ह्यांच्या थाळ्यावरचे तिघं भराभर जेवून उठले. हे तसेच बसले होते. डाव्या हातानं जेवायचं नसतं, आणि लोकांत चमचा मागायची त्यांना लाज वाटली असणार. मी पडदा ओलांडला. पुरुषांच्या पंगतीत जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले.

"आगं, लोकं बघत्यात."

"बघू देत."

मी भातात बोटं घातली, मटणाचा तुकडा निवडला, घास केला आणि हात वर उचलला. तशी त्यांनी झटकन मान वळवली आणि डोळे घट्ट मिटले. प्लास्टरचा हात तोंडासमोर आला.

समोरच्या पंगतीतले सगळे बघत होते.

मी हात खाली घेतला नाही, पुढंही नेला नाही. घास तसाच धरून बसून राहिले.

"जेवा," मी म्हणाले. "जेवा आता. घास हाय त्यो."

त्यांनी एक डोळा उघडून आधी माझ्या हाताकडे बघितलं.