ठक म्हणजे हो

"मौन धरलंस की हातांना काम दे. हात रिकामे राहिले की जीभ वळवळायला लागते."

भिंगरीच्या आईला तिच्या आईने हे फार वर्षांपूर्वी बजावलं होतं. बजावणारी जाऊनही आता बराच काळ लोटला होता. पण रोज सकाळी अंघोळ करून देवापुढे दिवा लावला, की तो आवाज हटकून कानाशी यायचा. दिवा लागल्यापासून दुपारची ताटं मांडेपर्यंत ती एक शब्द बोलत नसे. पाहुणा येवो, दूध उतू जावो, बोटाला चटका बसो, तोंडातून हूं की चूं नाही.

घराने या मौनाशी छान जमवून घेतलं होतं. स्वयंपाकघर आणि आजोबांची खोली यांच्यामध्ये एक लांबोडकी खोली होती आणि तिन्हीला लागून एकच भिंत गेली होती. आजोबा म्हणजे तिचे सासरे. त्यांना ऐकू कमी यायचं, पण त्यांच्या खाटेचं डोकं त्या भिंतीला टेकलेलं होतं. उलथन्याच्या दांड्याने भिंतीवर एकदा ठोकलं की "उठा", दोनदा ठोकलं की "चहा झाला", तीनदा म्हणजे "तुमचा फोन". आजोबाही काठीने उलट ठोकायचे. त्यांना चहा दुसऱ्यांदा हवा असायचा, चष्मा हवा असायचा, कधी नुसतंच "सूनबाई, आहेस ना?" असं विचारायचं असायचं. दुपारनंतर मात्र सगळं तोंडीच चालायचं.

"मला कानाने नाही, पाठीने ऐकू येतं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे.

मधल्या लांबोडक्या खोलीत भिंगरीचं टेबल होतं आणि टेबलावर कॉम्प्युटर. भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं. आता मात्र ती तासन्‌तास त्या टेबलाशी बसायची, कारण तिला नकाशे काढायला शिकायचं होतं. लहानपणापासून तिने कशाकशाचे नकाशे काढले होते! घराचा, गल्लीचा, मुंग्यांच्या वाटेचा, आजोबांच्या तळहाताचासुद्धा. नकाशे शिकवणाऱ्या संस्थेची प्रवेशपरीक्षा घरूनच द्यायची होती, सकाळच्या वेळात. कॅमेरा चालू, माइक चालू, पलीकडे पर्यवेक्षक बाई. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर पेपर तिथेच मिटणार, आणि मिटला की मिटला. दुसरी संधी नाही.

आणि कॉम्प्युटर नेमका बंद पडायला लागला होता.

बंद पडायचा म्हणजे कुरकुर नाही, सूचना नाही, निळा पडदा नाही. चांगला चालता-चालता फट्‌कन डोळे मिटायचा. पुन्हा बटण दाबलं की शहाण्यासारखा उठायचा आणि पडद्यावर दाखवायचा, की मागच्या वेळी मी अचानक बंद झालो होतो.

"बघ! त्यालाही माहीत नाही का बंद पडला ते," भिंगरी म्हणाली. "मलाच सांगतोय!"

आईने कपाळाला हात लावला आणि दुपारची वाट पाहिली.

दुपारी दुरुस्तीवाला आला. सकाळभराचं साठलेलं सगळं आईने त्याच्यापुढे धो-धो ओतलं. कसा बंद पडतो, किती वेळाने उठतो, मागच्या आठवड्यात पंख्याचा आवाज कसा वेगळा यायचा, भिंगरीच्या वडिलांनी बाहेरगावी बदली होण्याआधी तो कसा हौसेने आणला होता. दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, ब्रशने धूळ काढली, आतल्या पट्ट्या खोडरबराने घासून परत बसवल्या, पंखा बोटाने फिरवून पाहिला. मग तो हाताची घडी घालून समोर बसला. कॉम्प्युटर सुरूच राहिला. चहा झाला, दुसरा चहा झाला. कॉम्प्युटर आपला सुरूच.

"ताई, याला काही झालेलं नाही."

"अहो, सकाळी चारदा गेला!"

"मग सकाळी काहीतरी होत असेल."

"काय होत असेल?"

"ते मी सकाळी इथे नसतो ना," तो म्हणाला. पण त्यालाही ते बरं वाटलं नसावं, कारण डबा उचलून तो दुकानात घेऊन गेला. तिथे कॉम्प्युटर दिवसभर आणि रात्रभर एखाद्या राजासारखा चालला. परत आणून जोडला तो संध्याकाळभर चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी, आईने आजोबांचा चहा ओतला आणि जरा वेळाने मधल्या खोलीतून भिंगरीची किंकाळी आली.

मग मामा मैदानात उतरला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दूर राहायचा आणि जगातल्या कुठल्याही यंत्राविषयी फोनवरून मत द्यायचा. त्या सकाळी भिंगरी शिकवणीला गेली होती, तेव्हा फोन आईनेच उचलला.

"ताई, मौन आहे ना? असू दे. मी विचारतो, तू ठोक. एक ठक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. फोन जोरात लावून टेबलावर ठेव."

आईने फोन ठेवला आणि सवयीने भिंतीवर ठोकलं. ठक.

"शाब्बास. आता चालू कर. झाला चालू?"

आईने बटण दाबलं. पडदा उजळला, भिंगरीने लावलेलं नदीचं चित्र आलं. ठक.

चित्र गेलं.

"छान. म्हणजे चालू आहे."

ठकठक.

"नाही? अगं, आत्ता तर हो म्हणालीस!"

आईने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा नदी आली. ठक, तिने घाईने सांगितलं. नदी आटली.

"हं, आता आहे चालू. तर डाव्या कोपऱ्यात—"

ठकठक.

"ताई, तू माझी थट्टा करतेस का?"

ठकठक! तिने इतक्या कळकळीने ठोकलं, की पलीकडून आजोबांची काठी वाजली आणि पाठोपाठ आवाज आला, "आलो गं, आलो! दुसरा चहा केलास होय? गुणाची पोर!"

मामाने तापमान विचारलं, वायर विचारली, डब्याला मागून हात लावून बघायला सांगितलं. डबा गार होता. वायर डब्यात घट्ट होती. शेवटी मामा थकला.

"मला वाटतं, ताई, तुझं व्रत त्याला लागलंय. तोही सकाळचं मौन धरतो."

तो हसला, पण तिला हसू आलं नाही. फोन बंद झाल्यावर ती टेबलाशी बसून राहिली. दुपारी चालतो, संध्याकाळी चालतो, परक्याच्या दुकानात चालतो. बंद पडतो तो आपल्या मौनाच्या वेळेतच. हे कसं? इतकी वर्षं ज्या देवासाठी तोंड मिटून घेतलं, त्याला ते नकोसं झालं असेल का? की आपल्याच मनात कुठे अढी आहे? पोरगी परीक्षा देऊन लांब जाणार, हे आत खोल कुठेतरी नको तर नाही ना वाटत? तिने मन चाचपून पाहिलं. थोडंसं नको वाटत होतं. तिने देवाकडे पाहिलं, पण तिथून काही उलगडा होईना.

दुपारी जेवताना तिने भिंगरीला विचारलं, "मी मौन सोडू का काही दिवस? तुझी परीक्षा होईपर्यंत?"

भिंगरीचा घास हातातच राहिला. "आई, तू बोललीस म्हणून कॉम्प्युटर कसा चालेल?"

"कुणास ठाऊक. पण काहीच कळत नाही तेव्हा काय काय करून बघायचं, तेही कळत नाही."

"नको. उद्या सराव चाचणी आहे, खऱ्या परीक्षेसारखीच. उद्या चालला तर परवाही चालेल. तू फक्त माझ्या मागे कॅमेऱ्यात येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी भिंगरी केस बांधून टेबलाशी बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. पडद्यातून बाईंचा आवाज आला, ओळखपत्र दाखवा, खोली दाखवा. प्रश्न सुरू झाले. भिंगरी भराभर लिहीत होती. आई श्वास रोखून जप करत होती.

ठकठक, आजोबांची काठी वाजली.

"हा कसला आवाज आहे?" बाई म्हणाल्या. "तुमच्याजवळ कोणी आहे का? कुणी ठोकून खुणा करतंय का?"

"नाही, बाई! ते आमचे आजोबा... त्यांना चहा..."

"हे पहा, खऱ्या परीक्षेत असा आवाज एकदा जरी आला, तरी मला तुमचा पेपर बंद करावा—"

ठक. चहाला उशीर का, असं विचारणारी काठी जरा जोरातच वाजली, आणि बाई, प्रश्न, नदी, सगळं एकदम काळं झालं.

भिंगरी टेबलावर डोकं टेकून रडू लागली. आई मात्र दारातच थिजली होती. ती भिंतीकडे बघत होती. मग ती गुडघे टेकून टेबलाखाली शिरली. भिंतीतला विजेचा बोर्ड चौकटीतून सुटून पुढे आला होता. भोवतीचा गिलावा भुसभुशीत झाला होता आणि कॉम्प्युटरचा प्लग त्यात सैल दातासारखा बसला होता. तिने बाहेर येऊन बटण दाबलं. नदी आली. तिने हात उचलला, क्षणभर थांबली, आणि भिंतीवर ठोकलं.

नदी गेली.

तिने भिंगरीचा खांदा हलवला. भिंतीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या मुठीकडे, मग बोर्डाकडे, मग काळ्या पडद्याकडे.

"काय? भिंत? भिंतीचं काय? तुझा हात दुखतोय?"

आईने जोरजोरात मान हलवली. पुन्हा सुरू केला, पुन्हा ठोकलं, पुन्हा गेला. भिंगरीचं रडू थांबलं. तिने पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"म्हणजे... तू? इतके दिवस तूच? आणि आजोबा?"

आईने मान खाली घातली.

"दुरुस्तीवाला दुपारी यायचा, तेव्हा तू बोलायचीस, म्हणून ठोकायचं कुणी नाही! आणि मामाला तू 'हो' म्हणालीस की..." भिंगरीला हसू फुटलं, पण ते नीट हसूही नव्हतं. "आई, तू मौनात किती बोलतेस गं!"

हे वाक्य आईला लागलं. रागाने नव्हे. ती स्वयंपाकघरात गेली आणि हातात घेतलेलं उलथनं पुन्हा खाली ठेवून उभी राहिली. चहा, चष्मा, उठा, आले, थांबा, फोन. खरंच, सकाळभर ती गप्प कधी होती? जिभेचं सगळं काम तिने हाताला लावलं होतं, आणि त्यालाच व्रत म्हणत आली होती. ते व्रत होतं की नव्हतं, हेही तिला आता ठरवता येईना.

दुपारी वायरमनने बोर्ड नवा बसवून दिला. भिंगरीने स्वतः भिंतीवर दणादण ठोकून पाहिलं. नदी वाहत राहिली. पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

"कॉम्प्युटरचं कोडं सुटलं, आई. आता बाई राहिल्या. एक ठोका ऐकू आला तरी पेपर बंद. त्यांना वाटतं, कुणीतरी उत्तरं ठोकून सांगतंय."

"मी नाही ठोकणार."

"तू नाहीस गं. पण आजोबा?"

दोघी आजोबांच्या खोलीत गेल्या. भिंगरीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. उद्या सकाळी भिंतीवर ठोकायचं नाही, काही झालं तरी नाही. आजोबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"माझ्या नातीची परीक्षा! मी कशाला ठोकीन? मला काय कळत नाही? जा, निश्चिंत अभ्यास कर."

दोघी बाहेर आल्या. दार ओढून घेतात तोच आतून काठी वाजली. ठक.

"काय झालं, आजोबा?"

"काही नाही," आतून आवाज आला. "समजलं, एवढंच सांगत होतो."

भिंगरीने आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी जमायला लागलं होतं.

"आई, शब्द दे. माझा पेपर संपेपर्यंत या घरातून एकही आवाज येणार नाही."

"दिला," आई म्हणाली. कसा पाळणार, ते तिला त्या घडीला ठाऊक नव्हतं. शब्द मात्र तिने आधी देऊन टाकला.

सकाळी तिने नेहमीपेक्षा लवकर दिवा लावला. मग आजोबांच्या खोलीत जाऊन, त्यांना हाताने हलवून उठवलं. त्यांचा सदरा पुढे केला, चपला पायापाशी ठेवल्या, चहाने भरलेला थर्मास आणि चष्मा पिशवीत टाकला. आजोबा आश्चर्याने बघत राहिले.

"कुठे नेतेस मला, सूनबाई? इतक्या सकाळी? बागेत?"

तिने होकारार्थी मान डोलावली.

"दुपारपर्यंत? आणि तू तर काही बोलणार नाहीस! मी एकट्यानेच बोलत बसू?"

तिने पुन्हा मान डोलावली आणि हसली. आजोबांचा हात भिंतीशी टेकवलेल्या काठीकडे गेला. तिने तो हात हलकेच आपल्या हातात घेतला आणि काठी तिथेच राहू दिली.

मधल्या खोलीत भिंगरी पेन्सिलींना टोक करत होती. आईने जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. भिंगरी काही विचारणार होती, पण आजोबांच्या पायातल्या चपला आणि आईच्या खांद्यावरची पिशवी बघून तिने फक्त मान डोलावली.

आईने दाराची कडी आवाज न करता ओढली. आजोबांना आपल्या दंडाचा आधार देत, एकेक पायरी त्यांच्या चालीने, ती जिना उतरू लागली.