पेल्यातले बुडबुडे आणि पांढरी चार

मी एक पोलादी नळी बोलतेय. सरबत प्यायची साधी नळी, वीतभर लांब आणि करंगळीहून बारीक. आवाज म्हणाल तर माझा नाहीच; माझ्यातून जातो तो व्हर्नेल टॉलिव्हर बाईंचा. पण गेल्या वर्षात त्यांच्या गळ्याच्या इतकं जवळ दुसरं कुणी गेलेलं नाही, तेव्हा ही हकिगत मीच सांगते.

आम्ही चार बहिणी एका खोक्यातून मेकन गावच्या या घरात आलो. एक मोरीत हरवली, एकीने बाईंचे यजमान लूशस रंग ढवळायला लागले, एक नातीने पळवली. उरले मी, टिनकटरच्या शेजारी खणात. दोन-तीनदा गार चहा वर चढवला, एवढीच माझी कर्तबगारी.

बाई बहात्तर वर्षांच्या. दर ऑगस्टात त्यांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये घरपरतीचा रविवार असतो. शिकागो, डेट्रॉइटला पांगलेली माणसं त्या दिवशी झाडून परत येतात, आणि उपासना सुरू होते ती बाईंच्या गाण्याने. अडतीस वर्षं हेच चाललंय. पहिलं कडवं साथीशिवाय, एकटीने, काळी चारच्या उंच पट्टीत. ‘गा, सिस्टर, गा’ अशी आरोळी बाकाबाकावरून उठते.

गेल्या वर्षी मात्र वरच्या सुराला आवाज फाटला. पहिल्या बाकावरच्या मदर झेनोबिया, वय वर्षं एक्क्याण्णव, मायेने म्हणाल्या, “देवा, सांभाळ रे तिला.” अडखळणाऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात, पहिल्यांदा प्रार्थना म्हणणाऱ्या पोरांना म्हणतात, रडू न आवरणाऱ्या विधवांना म्हणतात. बाईंना ते कधी ऐकावं लागलं नव्हतं. त्या जेवायला न थांबता घरी आल्या, आणि पुढच्या वर्षी ‘गा, सिस्टर’ ऐकू आलं नाही तर गाणं सोडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग सुरू झाले घरगुती इलाज. पर्सभर पेपरमिंटच्या गोळ्या, मध आणि व्हिनेगर, दर दोन मिनिटांनी खाकरणं. त्यातून गळ्याला आराम म्हणून सारखं कुजबुजत बोलणं. लूशस कानाने अधू. त्यांना वाटलं, बायको रुसली. तीन आठवडे ते न सांगता भांडी घासत होते.

शेवटी बाई घशाच्या डॉक्टरिणीकडे गेल्या आणि तणतणत परत आल्या.

“स्वरतंतू ठणठणीत आहेत म्हणे, वयाने जरा सैल पडलेत. खाकरायचं नाही, कुजबुजायचं नाही, गोळ्या बंद, पाणी भरपूर. आणि रोज पेल्यात नळी बुडवून तिच्यातून गुणगुणायचं. बुडबुडे काढायचे, लूशस. या एका कारणासाठी मी चार नातवंडांना चापट्या मारल्यात.”

“मग आता तुला मी मारू का?”

“तू आधी कानात यंत्र घाल.”

त्या दिवशी मी खणातून बाहेर आले आणि माझ्या आयुष्यात उलटी गंगा वाहू लागली. प्यायच्या नळीतून वारा खाली जाऊ लागला, वाऱ्यासोबत सूर. सुरुवातीला वरच्या सुरांना बुडबुडे तुटायचे. बाई थांबायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, पुन्हा ओठ लावायच्या. सकाळी पाच मिनिटं, दुपारी पाच, संध्याकाळी पाच. त्यांनी एक दिवसही चुकवला नाही, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. मेपर्यंत बुडबुडे एका ओळीत येऊ लागले.

चर्चचा ऑर्गनवादक ब्रदर क्लीव्हन कॉफीला आला तेव्हा चाचरत म्हणाला, “सिस्टर, पट्टी थोडी उतरवू या का?”

“त्या पट्टीत मी माझ्या आईला निरोप दिलाय.”

“आईंनी पट्टी विचारली होती का?”

“कॉफी संपव आणि नीघ.”

पण तो गेल्यावर त्यांनी पेला ओढला. सूर खाली नेला, आणखी खाली, जिथे त्या कधी उतरल्याच नव्हत्या. मोठमोठे बुडबुडे आले आणि पेला थरथरला. असा रुंद, भरीव आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता. बाईंनी मला बाजूला ठेवलं आणि तोच सूर उघड्या गळ्याने लावला.

“ऐकलंस, लूशस?”

“ऐकायला कशाला पाहिजे? टेबल हलतंय.”

ऑगस्टचा रविवार आला. चर्च खचाखच भरलेलं, कागदी पंखे हलताहेत, आणि मी बाईंच्या झग्याच्या खिशात. क्लीव्हनने सवयीने काळी चार वाजवली. बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्याचं बोट खाली सरकत पांढरी चारवर आलं आणि त्यांनी डोळे मिटले. पंखे थांबलेले मला खिशातही कळले.

मग त्या गायल्या. तो पेला हलवणारा आवाज छतापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. वरचा सूर आला, आणि तो फाटला नाही. बाकं कुरकुरली, माणसं उभी राहिली.

“देवा,” मदर झेनोबिया म्हणाल्या, आणि माझा जीव गोळा झाला. “देवा, आता आम्हाला सांभाळ.”

त्यावर चर्चभर एकच आरोळी उठली, “गा, सिस्टर, गा.”

आता मी पर्समध्ये असते, पेपरमिंटच्या जागी. लूशस एकदा माझ्यावर बसले, तेव्हापासून जराशी वाकलेय. त्या रविवारी चर्चमधल्या जेवणाच्या टेबलावर बाईंनी मला गार चहात बुडवून सगळ्या म्हाताऱ्यांना बुडबुडे काढून दाखवले. मदर झेनोबियांनी हात पुढे केला. “मलाही एक आणून दे गं. माझं गाणं राहिलंय अजून.”

तेव्हा एकच मागणं आहे. तुमच्या घरातल्या आजीने कधी पेल्यात बुडबुडे काढले तर तिला हटकू नका. जरा जवळ बसा आणि कान द्या.