गोपनीय लाभार्थी

पुण्याच्या संशोधन संस्थेनं सुप्रियाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यात ‘गोपनीयता’ हा शब्द इतक्यांदा आला, की शेवटी तिला तो चहातही लागू लागला.

काम तसं सोपं. पाळीत पोट फार दुखणाऱ्या अठरा ते चोवीस वयाच्या मुली शोधायच्या, नव्या गोळीच्या चाचणीत त्यांना घ्यायचं आणि कुणाला कानोकान खबर लागू द्यायची नाही. तेही बोरी बुद्रुकमध्ये, जिथं कुणाची म्हैस आटली तरी दुपारपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

महिनाभर उंबरे झिजवल्यावर चार मुली तयार झाल्या. त्यातल्या अक्षदासाठी सुप्रियाचा जीव तुटायचा. ही पोर दर महिन्याला दोन दिवस भिंतीला टेकून कण्हायची. यंदा तर परीक्षेतच चक्कर येऊन पडली आणि वर्ष गेलं. तिची आई अंजना म्हणायची, "समद्या बायांचं दुखतं. हिचं काय येगळं?" एकोणीस वर्षांच्या अक्षदानं आईला न विचारताच होकार दिला.

मंगळवारी दुपारी, बाया कांदालागणीला गेल्या की अंगणवाडीत जमायचं ठरलं. खोलीची किल्ली होती सरपंच दादाभाऊंकडे, आणि दादाभाऊ मोठे कायद्याचे.

"लाभार्थ्यांची यादी जोडा, मॅडम. यादीबिगर किल्ली देता येत न्हाई."

"भाऊ, पण ही नावं बाहेर जायला नकोत."

"आपल्या पोटातच ऱ्हातील."

दादाभाऊंचं पोट चांगलं ऐसपैस होतं, म्हणून तिचा विश्वास बसला. तिनं यादी दिली.

मंगळवारी बरोबर दोन वाजता मारुतीच्या देवळावरचा भोंगा खाकरला. रेशन असो की युरिया, यादी आली की दादाभाऊ ती भोंग्यावरून वाचत. ही यादी काय आभाळातून पडली होती?

"पाळीच्या पोटदुखीच्या गोळीसाठी निवड झालेल्या भाग्यवान लाभार्थी..." मग चारही नावं, वडिलांच्या नावासकट. "सर्वांचं ग्रामपंचायतीतर्फे अभिनंदन! योजना गोपनीय असल्यामुळं बाकीच्यांनी गर्दी करू नये."

गर्दी कसली! तीन वाजले तरी खोलीत सुप्रिया आणि भिंतीवरचा रंगीत हत्ती, एवढेच. एकीला अचानक परगावची मावशी आठवली होती, दोघींचे फोन बंद. अक्षदाचं आता घरात काय होत असेल, या विचारानं सुप्रियाला रडू आलं. स्वतःची लाजही वाटली.

तेवढ्यात दारात अंजना उभी राहिली. हात मातीनं भरलेले, मागे मान खाली घातलेली अक्षदा. सुप्रिया मुकाट्यानं शिव्या खायला उठली.

"बसा की," अंजना म्हणाली. "भोंगा झाला तशा वावरातल्या समद्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. मला वाटलं, आता हसत्यात. तर एकेक जन आपापलं दुखनं सांगत बसली. कांदं ऱ्हायलं तसंच. लिवा हिचं नाव."

सुप्रियानं डोळे पुसून फॉर्म काढला. "मावशी, एक आधीच सांगते. निम्म्या मुलींना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नसतं."

एवढं एकच गुपित दादाभाऊंच्या हाती लागण्यासारखं नव्हतं.

अंजनानं लेकीच्या पाठीवर मातीचा हात ठेवला.

"चालंल. मला तीस वर्सांत खोटीबी कोनी दिली न्हाई."